इंडियाना जोन्सच्या फेडोराला आकार कसा द्यावा आणि ती कशी घालावी

१९८१ साली प्रदर्शित झालेल्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटात इंडियाना जोन्सच्या भूमिकेत हॅरिसन फोर्ड यांनी घातलेली तपकिरी फेडोरा हॅट लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन या दुकानाची होती. तेथील ‘पोएट’ नावाच्या हॅटमध्ये वेशभूषाकार डेबोरा नॅडूलमन यांनी हवे तसे फेरफार करून घेतले: माथा उंच ठेवला आणि कड पुढच्या-मागच्या बाजूपेक्षा दोन्ही कानांकडे थोडी अधिक कापली. या दोन गोष्टी साधल्या नाहीत, तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

म्हणून सुरुवात खरेदीपासूनच करावी. सशाच्या केसांपासून केलेले फेल्ट (केस दाबून केलेले जाड कापड) घ्यावे, कारण ते वाफेने मऊ होते आणि थंड झाल्यावर दिलेला आकार धरून ठेवते. लोकरीचे स्वस्त फेल्ट त्या मानाने लवकर ढिले पडते. शक्य असल्यास माथ्याला घडी न घातलेली हॅट मागवावी. माथ्याची उंची सुमारे साडेपाच इंच, तर कड पुढे-मागे सुमारे पावणेतीन आणि बाजूंना अडीच इंच असावी. माथा वर जाताना निमुळता होत असेल, तर ती हॅट घेऊ नये. बाजारातल्या बहुतेक नकला नेमक्या इथेच फसतात.

आता किटलीत पाणी उकळावे आणि माथ्याचा वरचा भाग वाफेवर हळूहळू फिरवत मऊ करून घ्यावा. वाफ बाहेरूनच द्यावी, कारण आतली चामड्याची पट्टी उष्णतेने आकसते आणि हॅट डोक्याला घट्ट होते. बोटांना चटका बसणार नाही एवढे अंतर ठेवावे. फेल्ट लवचिक होताच तळहाताच्या कडेने मधोमध, पुढून मागे, लांबट खोलगा पाडावा आणि मग समोरच्या दोन्ही बाजूंना अंगठा व बोटांनी चिमटा घ्यावा. चिमटा घट्ट हवा, पण माथ्याच्या बाजू सरळ उभ्या राहिल्या पाहिजेत. हॅट पूर्ण थंड होईपर्यंत हात काढू नयेत.

पडद्यावरच्या हॅटचा खरा डौल तिच्या किंचित वाकडेपणात आहे. काटेकोरपणे नक्कल करणारे हौशी लोक खोलगा पाडण्यापूर्वी हॅट डोक्यावर थोडी फिरवतात, जेणेकरून माथ्याभोवतीच्या फितीची डाव्या बाजूची गाठ जराशी पुढे येते. मग घडी नाकाच्या रेषेत घेतात. अरुंद कापलेली कड त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखी दिसत नाही आणि तिला एक तिरकी लय येते. कडेचा पुढचा भाग खाली वळवावा, बाजूंना अगदी हलकी उचल द्यावी. पूर्ण सममित हॅट मला तरी दुकानातल्या पुतळ्याच्या डोक्यावरच शोभते असे वाटते.

जुनेपणा आणण्याचे काम शेवटी करावे. चित्रपटासाठी नव्या हॅट चुरगाळून आणि धुळकट करून वापरल्यासारख्या दिसतील अशा केल्या गेल्या. घरी मुलतानी मातीची पूड मऊ ब्रशने फितीच्या कडेला, चिमट्याच्या घडीत आणि कडेच्या टोकाशी चोळावी व जादा पूड झटकून टाकावी. सगळीकडे सारखी माती लावली, तर हॅट वापरलेली न दिसता नुसती मळकट दिसते.

घालताना ती भुवयांच्या जराशी वर, खाली ओढून बसवावी. कपाळावर मागे सरकवलेली हॅट या पात्राची वाटत नाही. खाली ओढलेल्या कडेचा चित्रीकरणात एक व्यावहारिक फायदाही असतो: साहसदृश्यांत नायकाऐवजी उतरलेल्या कलाकाराचा चेहरा तिच्या सावलीत झाकला जातो. धावपळीत ती पडू नये म्हणून चामड्याच्या पट्टीमागे फोमची पातळ पट्टी सरकवता येते.

काढताना माथ्याच्या चिमट्याला धरण्याची सवय मात्र टाळावी. फेल्ट तिथेच सर्वांत आधी झिजते आणि भोक पडते. पुढून-मागून कडेला धरून हॅट उचलावी, आणि ठेवताना माथा खाली करून ठेवावी, म्हणजे कडेला दिलेले वळण सपाट होत नाही.