कोरियातील रात्रीचे बाजार : खाताना आणि खरेदी करताना या चुका टाळा

कोरियातील बाजारांत रात्री फिरायला जाणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी एकाच समजुतीतून निर्माण होतात. ‘नाइट मार्केट’ म्हणजे सगळीकडे एकाच धाटणीचा, अंधार पडला की सुरू होणारा आणि खाणे व खरेदी एका फेरीत उरकता येईल असा बाजार, हे गृहीत धरून लोक निघतात. प्रत्यक्षात सोल, बुसान, देगू, जेजू येथील प्रत्येक बाजाराची वेळ वेगळी, गिऱ्हाईक वेगळे आणि विक्रीची रीतही वेगळी असते. ही गोष्ट निघण्यापूर्वी नीट समजून घेतली, तर पुढील निम्म्या चुका टळतात.

वेळ आणि वार न पाहता निघणे

सोलमधील ग्वांगजांग बाजार १९०५ साली सुरू झाला आणि आज तो खाद्यपदार्थांसाठी जगभर ओळखला जातो. पण मुळात तो कापडाचा बाजार आहे. रेशीम, पडद्यांची कापडे आणि हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख शिवून देणारी त्याची दुकाने संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास बंद होऊ लागतात आणि रविवारी त्यांतील बरीचशी उघडतच नाहीत, तर मधल्या गल्ल्यांतील खाण्याच्या गाड्या रात्री दहाच्या पुढेपर्यंत चालतात. त्यामुळे रात्री नऊ वाजता दोन्ही कामे करण्याच्या हिशेबाने पोहोचलेल्या माणसाला खायला मिळते, पण कापड मिळत नाही. येथे चार-साडेचारला जावे, आधी खरेदी करावी आणि मग खायला बसावे. नामदेमुन बाजाराचे गणित याहून वेगळे आहे. दिवसा तेथे किरकोळ विक्री चालते, संध्याकाळी दुकाने मिटतात आणि रात्री अकराच्या सुमारास घाऊक व्यापाऱ्यांसाठी काही भाग पुन्हा जागा होतो. या दोन वेळांच्या मध्ये गेलेल्या पर्यटकाला उतरलेली शटरे तेवढी दिसतात.

सोलबाहेर तर वारही पाहावा लागतो. बुसानमधील बुप्योंग कांगथोंग बाजारातील रात्रबाजार २०१३ मध्ये सुरू झाला, तो कोरियातील पहिला कायमस्वरूपी रात्रबाजार मानला जातो आणि साधारणपणे संध्याकाळी साडेसातपासून साडेअकरापर्यंत चालतो. देगूच्या सोमुन बाजारातील रात्रबाजार २०१६ चा. तो मात्र शुक्रवार ते रविवार भरतो आणि हिवाळ्यात काही काळ बंद ठेवला जातो. जोंजू येथील नाम्बू बाजारात शुक्रवारी आणि शनिवारीच रात्रीच्या गाड्या लागतात. मंगळवारी देगूला मुक्काम ठेवून रात्रबाजाराची अपेक्षा करणे म्हणजे हमखास निराशा. सोल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसोक (शरदातला सुगीचा सण) या दोन मोठ्या सणांच्या दिवसांत बाजारांचा बराचसा भाग बंद असतो, हेही तारखा ठरवतानाच पाहून ठेवावे.

जुन्या लेखांवर विसंबणे ही याच प्रकारातली चूक आहे. सोलमध्ये हान नदीकाठी योउइदो येथे २०१५ पासून भरणाऱ्या ‘बामदोक्केबी’ रात्रबाजाराची वर्णने अजूनही पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. कोविडच्या काळात तो थांबला आणि त्यानंतर बान्पो येथील नदीकाठच्या उद्यानात चांदण्या रात्रीचा बाजार म्हणून दुसरा उपक्रम सुरू झाला. तो वसंतात आणि शरदात ठरावीक दिवशीच भरतो आणि पावसामुळे रद्दही होतो. म्हणून त्या त्या वर्षाचे वेळापत्रक सोल महानगर शासनाच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय त्यासाठी संध्याकाळ राखून ठेवू नये.

नकाशाच्या बाबतीत दोन सूचना. गुगलच्या नकाशावर कोरियात पायी जाण्याचा मार्ग वर्षानुवर्षे धडपणे मिळत नसे. स्थानिक लोक नेव्हर किंवा काकाओ यांचे नकाशे वापरतात, तेच आपणही वापरावेत. दुसरे असे, की बुप्योंग नावाचा भाग बुसानप्रमाणे सोलजवळच्या इंचॉन शहरातही आहे. बुसानचा बाजार हवा असेल तर छागालची स्थानक शोधावे, नाहीतर नकाशा देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडेल.

मूग दिसला म्हणजे शाकाहारी, असे समजणे

मराठी प्रवाशांची सर्वांत मोठी आणि सर्वांत जिव्हारी लागणारी चूक ही आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ग्वांगजांगमध्ये शिरताच जात्यावर भिजवलेली मूगडाळ दळली जाताना दिसते आणि त्या पिठाची जाड, खमंग बिंदेत्तोक भरपूर तेलात तळली जातात. आपल्या मुगाच्या धिरड्याचेच हे भावंड वाटते आणि शाकाहारी माणूस निर्धास्तपणे ते मागवतो. परंतु त्या पिठात अनेकदा डुकराच्या मांसाचा खिमा असतो. तो नसला तरी किमची, म्हणजे मसाला लावून आंबवलेली कोबी, असू शकते आणि किमची आंबवताना सहसा खारवलेली कोळंबी किंवा माशांचे आंबवलेले द्रावण वापरतात. तीच गोष्ट तोक्बोक्कीची. तांदळाच्या पिठाच्या कांड्या आणि लाल तिखट रस्सा पाहून त्यात मांस असेल असे मनात येत नाही, पण रस्सा बहुधा सुकवलेल्या छोट्या माशांच्या पाण्यात केलेला असतो आणि त्यात ओमुक, म्हणजे माशांच्या लगद्याचे काप, घातलेले असतात. काडीवर घडी करून लावलेले तपकिरी ओमुक पनीरासारखे किंवा सोयासारखे वाटले, तरी तो मासाच होय. गाडीवर कागदी पेल्यात आपुलकीने पुढे केला जाणारा गरम रस्साही त्याच पातेल्यातला असतो. भाजीची भजी मागितली, तरी ती माकूळ आणि कोळंबी तळलेल्या तेलातूनच निघतात.

येथे विक्रेता फसवतो, असे मुळीच नाही. अडचण प्रश्नात असते. ‘मांस आहे का?’ असे विचारले, तर अनेक विक्रेते ‘नाही’ म्हणतात आणि ते त्यांच्या दृष्टीने खरे असते, कारण मासे, हॅम, ओमुक किंवा रस्स्याचे पाणी यांची गणना ते त्या प्रश्नात करत नाहीत. म्हणून प्रश्न मोघम ठेवू नये. मांस, मासे, कोळंबी, हॅम, ओमुक, हाडांचा किंवा माशांचा रस्सा, अंडे यांपैकी आपण काय खात नाही, याची यादी पापागो या भाषांतराच्या अ‍ॅपमधून कोरियन लिपीत करून घ्यावी, तिचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे आणि पदार्थ मागवण्यापूर्वी ती शांतपणे दाखवावी. ‘गोगी प्पे जुसेयो’, म्हणजे मांस काढून द्या, हे वाक्य अनेक प्रवासी पाठ करून जातात, पण आधीच मळून ठेवलेल्या पिठातून किंवा उकळत्या रस्स्यातून काही काढता येत नाही, हे लक्षात ठेवावे. ते वाक्य किंबापसारख्या, म्हणजे समुद्रशैवालाच्या पापुद्र्यात भात व भाज्या घालून समोर गुंडाळून मिळणाऱ्या, पदार्थांपुरते उपयोगी आहे.

मग खावे काय? ग्वांगजांगमध्ये लाल चवळीसारख्या दाण्यांची दाट पेज, म्हणजे फात्चुक, आणि भोपळ्याची होबाकचुक मिळते; दोन्ही पोटभरीची आहेत. गाजर, पिवळा खारवलेला मुळा आणि पालक घातलेले बोटभर लांबीचे छोटे किंबाप पुष्कळ वेळा चालून जाते, मात्र हॅम आणि ओमुक नाही ना, हे विचारून घ्यावे. ब्राऊन शुगर व दालचिनीचे सारण भरलेले होत्तोक हा रस्त्यावरचा उत्तम शाकाहारी पदार्थ. बुसानच्या बिफ चौकात (हे नाव तेथील चित्रपट महोत्सवावरून आले आहे) तो तळल्यावर कापून त्यात सूर्यफुलाच्या व भोपळ्याच्या बिया भरून देतात. सारण उकळत्या पाकासारखे असते, त्यामुळे पहिला घास थांबून घ्यावा, विशेषतः मुलांना देताना. हिवाळ्यात माशाच्या आकाराच्या साच्यातले, गोड पुरणासारखे सारण असलेले बुंगोप्पांग मिळते. त्यात मासा नसतो, पण पिठात अंडे किंवा दूध असू शकते. भाजलेली रताळी आणि भाजलेल्या चेस्टनट बिया यांत कसलीच शंका नसते. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी गाड्यांचा नाद सोडून सोलमधील मठभोजनाची उपाहारगृहे शोधावीत, कारण कोरियातील बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मच्छीबरोबर कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात.

मांसाहारी वाचकांनाही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. गोमांस किंवा डुकराचे मांस वर्ज्य असेल, तर सोगोगी म्हणजे गाईचे, द्वेजीगोगी म्हणजे डुकराचे आणि दाकगोगी म्हणजे कोंबडीचे, एवढे शब्द डोक्यात पक्के हवेत. सुंडे हा डुकराच्या आतड्यात रक्त व शेवया भरून वाफवलेला पदार्थ आहे आणि युख्वे म्हणजे कच्चे गोमांस. हालचाल करणारे ताजे ऑक्टोपसचे तुकडे धाडस म्हणून गिळू नयेत. त्यांचे चूषक घशाला चिकटून गुदमरल्याच्या घटना घडलेल्या आहेत, त्यामुळे खायचेच असतील तर नीट चावून खावेत.

बसण्याची आणि पैसे देण्याची रीत न पाळणे

बाकडे असलेल्या गाडीवर बसणे म्हणजे तेथेच मागवणे होय. चौघांनी बसून एकच पदार्थ वाटून घेणे किंवा शेजारच्या गाडीवरचे खाणे येथे आणून खाणे चालत नाही, कारण त्या थोड्या जागेवरच विक्रेत्याचा रोजगार उभा असतो. दर माणशी एक पदार्थ, असा फलक अनेक ठिकाणी असतोच. ओमुकच्या गाडीवर खाऊन झाल्यावर काड्या मोजून पैसे द्यायचे असतात, तर पर्यटकांच्या भागातील गाड्या बहुधा आधी पैसे घेतात. टीप द्यायची प्रथा नाही.

जास्त पैसे लागल्याची तक्रार आपल्याकडचे प्रवासी करतात तशी कोरियन लोकही करतात. २०२३ च्या अखेरीस ग्वांगजांगमधील भाज्यांच्या व मांसाच्या तळलेल्या पदार्थांच्या महागड्या आणि तुटपुंज्या ताटाचा एक व्हिडिओ देशभर गाजला आणि त्यानंतर किमतीबरोबर प्रमाणही फलकावर लिहिण्याचा आग्रह सुरू झाला. तेव्हा फलकावर किंमत आणि नग किंवा वजन वाचल्याशिवाय होकार देऊ नये आणि ‘मिश्र ताट’ सुचवले गेले तर त्यात काय काय व किती येते, हे आधी विचारावे. फलकच नसेल, तर दुसऱ्या गाडीकडे वळावे. सोलमधील म्योंगदोंग या खरेदीच्या भागातील रस्त्यावर गाड्यांची रांग दुपारनंतर लागते आणि वातावरण सुंदर असते, पण तेथील दर स्थानिक बाजारांपेक्षा चढे आहेत. पोटभर जेवणासाठी म्योंगदोंग निवडणे हा माझ्या मते चुकीचा बेत आहे. तेथे एखादा पदार्थ चाखावा आणि जेवायला ग्वांगजांगला जावे.

कार्डावर पूर्ण भिस्त ठेवणे हीदेखील नेहमीची चूक. कोरियातील दुकाने कार्ड सहज घेतात, पण छोट्या गाड्यांवर रोख रक्कम किंवा बँक खात्यावर पैसे पाठवण्याची सोय असते आणि ती दुसरी सोय परदेशी पाहुण्याला वापरता येत नाही. एक हजार आणि पाच हजार वॉनच्या (वॉन हे कोरियाचे चलन) नोटा जवळ असाव्यात. भारतीय कार्डाचा व्यवहार वारंवार फेटाळला जात असेल, तर कारण बहुधा घरचेच असते. रिझर्व्ह बँकेच्या १६ मार्च २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार नवीन कार्डे सुरुवातीला भारतातील वापरापुरतीच चालू असतात, त्यामुळे परदेशी व्यवहारांची मुभा आपण बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्यापूर्वी सुरू करायला हवी. यंत्राने रक्कम वॉनमध्ये की रुपयांत, असे विचारल्यास वॉन निवडावे. रुपये निवडले, तर विनिमयाचा तोटा सोसावा लागतो.

खाऊन झाल्यावर कागदी पेला टाकायला कचराकुंडी सापडत नाही, ही अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते. जेथून घेतले, त्या गाडीवरच तो परत द्यावा. अर्धवट भरलेला पेला घेऊन बसमध्ये चढू नये, कारण सोलच्या बसमध्ये २०१८ पासून असे सांडू शकणारे खाद्य-पेय आणण्यास मनाई आहे.

घाऊक बाजाराला किरकोळ समजणे

सोलमधील दोंगदेमुन हा कपड्यांच्या बाजाराचा भाग रात्रभर जागा असतो हे खरे, पण कोणासाठी, हा प्रश्न आहे. रस्त्याच्या एका बाजूचे मोठे मॉल किरकोळ गिऱ्हाइकांसाठी आहेत, तर दुसऱ्या बाजूच्या, संध्याकाळी आठनंतर उघडणाऱ्या इमारतींत देशभरातील दुकानदार गठ्ठ्यांनी माल उचलतात. त्या इमारतींत एकच नग मागणे, घालून पाहण्याचा हट्ट धरणे किंवा गर्दीच्या वेळी वाट अडवून छायाचित्रे काढणे विक्रेत्याला त्रासदायक होते आणि उत्तर तुटक मिळते. बहुतेक घाऊक इमारती शनिवारी रात्री बंद असतात. एक-दोन कपडेच घ्यायचे असतील, तर मॉलमध्ये जावे.

घालून पाहता येत नाही आणि रस्त्यावरचा माल सहसा परतही घेतला जात नाही, म्हणून मापांची पद्धत ठाऊक हवी. स्त्रियांच्या कपड्यांवर ४४, ५५, ६६, ७७ असे आकडे असतात, ज्यांत ४४ सर्वांत लहान. ‘फ्री साइज’ लिहिलेला कपडा प्रत्यक्षात बारीक अंगकाठीचाच असतो. पादत्राणांचे माप मिलिमीटरमध्ये असते, तेव्हा घरच्या सर्वांच्या पावलांची लांबी मोजून लिहून नेली, तर २४० की २५० हा घोळ होत नाही. घासाघीस खाण्याच्या गाडीवर करू नये. कपडे, मोजे, पिशव्या अशा वस्तू दोन-चार घेतल्यावर रोख पैसे देताना थोडे कमी करा म्हणायला हरकत नाही. सकाळी दुकान उघडताच मात्र नुसते भाव विचारून निघू नये. दिवसाची पहिली विक्री शुभ मानण्याची भावना तेथेही आपल्याइतकीच जुनी आहे.

नामांकित ब्रँडच्या नकली पिशव्या रात्रीच्या तंबूंतून विकल्या जातात आणि त्यांवर छापेही पडतात. त्या स्वस्त असल्या तरी घेऊ नयेत.

परदेशी पर्यटकांना मिळणारा खरेदीवरील करपरतावा बाजारातल्या गाडीवर मिळत नाही. तशी पाटी असलेल्या दुकानांत, पासपोर्ट दाखवून आणि २०२४ पासून किमान पंधरा हजार वॉनच्या खरेदीवर तो मिळतो. म्हणून सौंदर्यप्रसाधनांसारखी मोठी खरेदी अशा दुकानांत एकाच पावतीवर करावी आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा.

परतीचा विचार उशिरा करणे

सोलची मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. टॅक्सीचे रात्रीचे वाढीव दर दहा वाजता लागू होतात आणि अकरा ते दोन या वेळेत ते चाळीस टक्क्यांपर्यंत जातात. हेच तास बाजारातून बाहेर पडणाऱ्यांच्या गर्दीचे असल्याने टॅक्सी मिळणेही अवघड होते. रात्रभर धावणाऱ्या, एन या अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या बसचा मार्ग आपल्या मुक्कामाजवळून जातो का, हे आधीच पाहून ठेवावे. वाट चुकली, भाषेमुळे वाद झाला किंवा दराबद्दल तक्रार करायची असेल, तर १३३० या पर्यटक मदतवाहिनीवर चोवीस तास इंग्रजीत बोलता येते आणि तेथील माणूस फोनवरूनच विक्रेत्याशी कोरियन भाषेत बोलून देतो.

घरी आणण्यासाठी घेतलेले गोचुजांग (आंबवलेल्या लाल मिरचीचे दाट वाटण), किमची, मध आणि चेहऱ्याला लावायचे ओले मास्क विमानतळावरील तपासणीत द्रवपदार्थ धरले जातात. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली वा डबा हातातल्या बॅगेत असेल, तर तो तेथेच सोडावा लागतो, त्यामुळे अशा सर्व वस्तू घट्ट बांधून चेक-इनच्या बॅगेत ठेवाव्यात आणि बाजारातच विक्रेत्याकडून हवाबंद पाकीट करून घ्यावे.