ऊसबिल जमा झालं की दशमांशाची वही अशी मांडा

हंगामाचा सण, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायचा सण, जवळ आला की करवीर तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक प्रश्न ठरलेला असतो: "काकू, दशमांश, म्हणजे देवाचा दहावा वाटा, कशावर काढायचा हो? बिलावर, का हातात पडलेल्यावर?" नोकरी सगळी बँकेच्या काउंटरवर गेली, आता मंडळीची खजिनदारकी माझ्याकडे आहे. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, पैशाचं विचारायला लोकांना अवघडतं, मग माझ्याकडं येतात.

आधी घरची वही. साधी शंभरपानी चालेल. डावीकडं जमा, उजवीकडं खर्च. दूधबिल दर दहा दिवसांनी, पगार महिन्याला, ऊसबिल हंगामात, तेही कधी हप्त्यानं. प्रत्येकाची ओळ वेगळी ठेवा. बँकेचा मेसेज आला त्याच दिवशी आकडा लिहा आणि देवाचा वाटा बाजूला काढा. बायबलात प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला हेच सांगितलं होतं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याच्या त्याच्या मिळकतीप्रमाणं, काढून ठेवा. महिनाअखेरीला काढू म्हणणाऱ्याकडं महिनाअखेरीला काही उरत नाही.

आता उसाचं. खात्यावर रक्कम पडायच्या आधीच विकास सोसायटीची पीककर्जाची वसुली कापली जाते. समजा बिल 1,80,000 रुपयांचं, कपात 70,000, हातात 1,10,000. बरेच जण 11,000 काढून मोकळे होतात. पण त्या 70,000 चं काय केलं होतं, ते वहीत बघा. लागण, खत, भांगलण, पाणीपट्टी मिळून 50,000 गेले असतील तर ते वजा धरा, पिकाचाच खर्च तो. उरलेल्या 20,000 चा मोबाईल आणि बारशाचा मांडव झाला असेल, तर ते परत मिळवा. कर्ज शेतीच्या नावावर असलं म्हणून मांडव शेतीत जात नाही. म्हणजे दशमांश 1,30,000 वर, 13,000 रुपये. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात शेताच्या सगळ्या उत्पन्नाचा दशमांश सांगितलाय, म्हणून काही जण पूर्ण बिलावर देतात. त्यांना मी अडवत नाही.

दशमांश दिला की उरलेले नऊ वाटे आपले, कुणी विचारायचं नाही, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. लूकच्या शुभवर्तमानातल्या सोळाव्या अध्यायातला धनी कारभाऱ्याला बोलावतो तो सगळ्या कारभाराचा हिशेब मागायला. म्हणून उजवं पान भरा. रिचार्ज, तंबाखू, ढाब्यावरचं जेवण, सगळं. आणि महिन्यातून एकदा नवराबायकोनं ते पान एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्याकडं हे वाचन प्रार्थनेच्या आधी होतं. नंतर ठेवलं तर प्रार्थना लांबते.

मंडळीच्या पैशाला याहून कडक शिस्त पाहिजे. हंगामाच्या उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो: उसाच्या मोळ्या, कोंबड्या, गुळाची ढेप, काशीभोपळे. बोली अशी चढते की मार्केट यार्डातला गुळाचा सौदा मागं पडावा. भोपळा 600 रुपयांना जातो आणि घेणारा म्हणतो, "बुधवारी देतो की, काकू." भोपळा हातात द्यायच्या आधी पावतीपुस्तक उघडा. नाव, वस्तू, रक्कम, सही. कार्बनची प्रत आपल्याकडं. उधारीची यादी पुढच्या रविवारी उपासनेतल्या जाहिरातींच्या, म्हणजे सूचनांच्या, वेळी वाचली जाईल, हे लिलावाआधीच सांगून टाका. निम्मी उधारी तिथंच वसूल होते.

दान मोजायला दोघं बसवा, आणि दोघं एका घरातली नकोत. थैली टेबलावर पालथी करा, मुलांनी घड्या घालून घालून सुपारीएवढ्या केलेल्या दहाच्या नोटा उलगडा, पाचशेपासून नाण्यापर्यंत गड्डे लावा. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मग अदलाबदल. कागदावर दोघांची पेनानं सही. यात कुणावर अविश्वास नाही. यरुशलेमेसाठी जमलेलं दान नेताना पौलानंही तीत या आपल्या सोबत्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ पाठवला, कुणी दोष लावू नये म्हणून. रात्रीपुरतीसुद्धा थैली घरी नेऊ नका. कपाटाला दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं. सोमवारी बँकेत भरणा.

थैलीतून परस्पर चहा, मांडव, वाजंत्री भागवू नका. आधी सगळं जमा, मग व्हाउचर करून खर्च. मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर 31 मार्चनंतर ऑडिटर हीच व्हाउचरं मागतो. आणि भोपळ्याचे 600 तोवर आलेच नसतील, तर "येणे" या सदरात नावासकट दाखवा, मग तो भोपळा मंडळीच्या कारभारातल्या पंचाच्या घरी का शिजला असेना.