लंडनमधले पहिले दोन दिवस : मुंबईच्या तबलावादकांसाठी

मुंबईहून लंडनला प्रथमच कार्यक्रमासाठी निघणाऱ्या तबलावादकाने आयोजकांशी बोलताना मानधनाच्याही आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी : विमानातून उतरणे आणि मंचावर बसणे यांत किमान दोन पूर्ण दिवस मोकळे असावेत. हे दिवस शहर पाहण्यासाठी नसून वाद्य आणि शरीर या दोघांनाही तिथल्या हवेत रुळू देण्यासाठी आहेत.

तयारी अर्थातच मुंबईत सुरू होते. तबला लावायची हातोडी चेक-इन सामानात घालावी, कारण हातातल्या सामानात ती सुरक्षा तपासणीत अडते. पॉवर बँक मात्र स्वतःजवळच ठेवावी लागते. पाहुण्यांच्या व्हिसावर मानधन घ्यायचे असल्यास कार्यक्रम प्रवासाआधीच ठरलेला असावा लागतो आणि पोहोचल्यापासून 30 दिवसांत व्हावा लागतो, म्हणून आयोजकांचे निमंत्रणपत्र छापून हाताशी ठेवावे. गायकाचा जुना तानपुरा सोबत जाणार असेल, तर त्याची घोडी (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) आणि नक्षी कशाची आहे हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. हस्तिदंतावर साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत, आणि हरणाच्या शिंगाची घोडी आपल्याच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अडचणीत आणू शकते. असे वाद्य घरीच राहिलेले बरे.

मुक्कामी पोहोचल्यावर तबल्याची पिशवी लगेच उघडण्याचा मोह आवरावा. विमानाच्या सामानकक्षातून थंड झालेले वाद्य एकदम उबदार खोलीत उघडले, तर लाकूड आणि चामडे या दोघांनाही तो बदल सोसत नाही. ते बंद पिशवीतच काही तास राहू द्यावे. मुंबईच्या पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्यावरचे चामडे, दमट होऊन स्वर उतरतो आणि आपण सारखे चढवत बसतो. लंडनच्या हिवाळ्यात नेमके उलटे घडते. बाहेर पाऊस भुरभुरत असला, तरी हीटरने तापवलेल्या खोलीतली हवा कोरडी असते, पुडी आवळत जाते आणि रात्री लावून ठेवलेला तबला सकाळी हात न लावताच चढलेला मिळतो. म्हणून झोपण्यापूर्वी गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवून तबला उतरवून ठेवावा, आणि वाद्य हीटरपासून शक्य तितके दूर ठेवावे. तिथल्या घरांत हीटर बहुधा खिडकीखाली असतो आणि सामान ठेवायला मोकळी दिसणारी जागाही नेमकी तीच असते. खोलीत पाण्याचे उघडे भांडे ठेवल्यास थोडा उपयोग होतो. सकाळी शाईवरून, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलावरून, बोट हलकेच फिरवून पाहावे. कडेला बारीक कण सुटत असतील किंवा आघातानंतर आस (रेंगाळणारा नाद) नेहमीपेक्षा लवकर तुटत असेल, तर ती पुडी कार्यक्रमाला वापरू नये. सोबत दुसरा तबला नेणे हाच यावरचा खरा उपाय आहे, कारण दादरला जसा ओळखीचा कारागीर संध्याकाळपर्यंत पुडी बसवून देतो, तशी सोय तिथे गृहीत धरता येत नाही.

कोरड्या हवेत बोटांची टोकेही फुटतात. त्यांना तेल रात्री लावावे, वाजवण्याआधी कधीही नाही, कारण ते पुडीत उतरते.

स्थानिक हार्मोनियम मिळणार असेल, तर ती पहिल्याच दिवशी ट्यूनरवर तपासावी. पियानोसोबत वाजवायचे असल्यास 440 हर्ट्झच्या मापाची काळी एक (पहिल्या काळ्या पट्टीचा स्वर) आणि जुन्या पेटीची काळी एक एकच असेल असे समजू नये. विजेवरच्या सुरपेटीची चिंता नाही : वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट असते, फक्त तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

शरीराचे गणित वेगळे आहे. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, त्यामुळे तिथे संध्याकाळी सातला सुरू होणारी मैफल आपल्या देहाला मध्यरात्रीची वाटते. पहिल्या दिवशी दुपारी झोपू नये, उजेडात चालून यावे आणि रियाज तासाभरावर नेऊ नये. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तर डिसेंबरमध्ये चारच्या आतच. सातला मारवा मांडायचा की नाही, हे गायकाशी आधीच बोलून घ्यावे. समोर लख्ख ऊन असताना संधिप्रकाशाचा राग उभा करणे कठीण जाते, आणि माझ्या मते तिथे घड्याळापेक्षा आकाशाला मान द्यावा.

रियाजाची वेळ यजमानांना विचारूनच ठरवावी. जुन्या घरांच्या लाकडी जमिनीतून डग्ग्याचा घुमारा थेट खालच्या मजल्यावर पोहोचतो, आणि रात्री अकरा ते सकाळी सात हा काळ तिथला कायदाही शांततेचा मानतो. डग्ग्याखाली जाड घडी घातलेले ब्लँकेट ठेवावे.

वाद्य मिळवणे, हार्मोनियमवादक शोधणे, अशा कामांसाठी 1932 साली स्थापन झालेले तिथले महाराष्ट्र मंडळ किंवा वेस्ट केन्सिंग्टनमधील भारतीय विद्या भवन यांच्याशी निघण्यापूर्वीच पत्रव्यवहार करावा. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात दोन तास आधी जाऊन तबला मंचावरच, दिवे लावून लावावा. दिव्यांच्या उष्णतेने तो पुन्हा चढतो, म्हणून शेवटची हातोडी पडदा उघडण्याच्या अगदी आधी फिरवावी.