शेख अंता द्योप यांच्यावर व्याख्यान कसे तयार करावे

सांगलीतल्या एखाद्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात सेनेगलचे विद्वान शेख अंता द्योप यांच्यावर अर्ध्या तासाचे व्याख्यान द्यायचे असेल, तर सुरुवात जन्मतारखेने न करता फळ्यावर तीन शब्द लिहून करावी: अण्णा, अक्का, अडकित्ता. जत, मिरजेकडच्या श्रोत्यांना हे शब्द कानडीच्या शेजारातून मराठीत आल्याचे चटकन पटते, आणि तरीही मराठी व कानडी यांची भाषाकुळे वेगळी आहेत, हे ध्यानात आले की शब्द जुळले म्हणून नाते सिद्ध होत नाही, हा मुद्दा आपोआप समोर येतो.

मग द्योप यांचा दावा मांडावा. प्राचीन इजिप्शियन भाषा आणि द्योप यांची स्वतःची मातृभाषा वोलोफ यांचे नाते उसनवारीचे नसून एकाच कुळाचे आहे, असे ते म्हणत, आणि त्यासाठी शब्दांबरोबरच व्याकरणाची रूपे व ध्वनींचे साम्य यांचाही आधार घेत.

चरित्राचा तपशील थोडक्यात आटोपावा: १९२३ मध्ये सेनेगलमध्ये जन्म, १९४६ मध्ये शिक्षणासाठी पॅरिस, १९६० मध्ये डॉक्टरेट, पुढे डाकारला रेडिओकार्बन (प्राचीन अवशेषांचे वय काढण्याच्या) प्रयोगशाळेची उभारणी, १९८६ मध्ये निधन. १९५४ च्या पुस्तकावर मात्र थांबावे, कारण इजिप्तची संस्कृती आफ्रिकेचीच आहे असे ठासून सांगणाऱ्या या ग्रंथात त्यांनी सापेक्षता सिद्धांताचा सारांश वोलोफमध्ये उतरवला होता. आपल्या भाषेत विज्ञान मावत नाही, हे ऐकत वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही गोष्ट माझ्या मते सर्वांत जवळची वाटेल.

सर्वाधिक वेळ १९७४ च्या कैरो परिषदेला द्यावा. प्राचीन इजिप्तचे लोक कोण होते, यावर भरलेल्या युनेस्कोच्या या परिषदेत द्योप आणि कांगोचे थेओफिल ओबेंगा यांनी आपली बाजू इतक्या तयारीने मांडली की, इतरांची टिपणे त्या तोडीची नसल्यामुळे चर्चेचा तोल राहिला नाही, अशी नोंद परिषदेच्या निष्कर्षातच झाली. भाषेच्या मुद्द्यावर त्यांना बराच पाठिंबा मिळाला. प्राचीन इजिप्शियन लोक कृष्णवर्णीय होते, या मताला मात्र अनेकांनी विरोध केला. या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. द्योप यांच्याविषयी आदर आहे म्हणून दुसरी झाकू नये.

शेवटी पाच मिनिटे प्रश्नांसाठी राखावीत. ‘मग इजिप्शियन नेमकी कोणत्या कुळातली?’ असे कोणी विचारलेच, तर आजचे बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ तिला अरबी, हिब्रू, हौसा यांच्यासह आफ्रो-आशियाई कुळात आणि वोलोफला नायजर-काँगो कुळात ठेवतात, असे स्पष्ट सांगावे आणि फळ्यावरच्या तीन शब्दांकडे पुन्हा बोट दाखवावे.