जुना बँडसॉ आणि सरकणारे पाते

ठाण्यातील वागळे इस्टेटमधून मी जुना बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याने लाकूड कापणारे यंत्र) घेतला, तेव्हा चाक हाताने फिरवताच पाते पुढच्या कडेकडे सरकत होते आणि ट्रॅकिंगचा, म्हणजे वरचे चाक कलते करून पाते जागेवर आणण्याचा, स्क्रू कितीही पिळला तरी उपयोग होत नव्हता. प्लग काढून पाते उतरवले, तेव्हा पात्याला मध्यावर धरून ठेवणारा चाकाच्या रबराचा उंचवटा चिकट भुशाच्या थराखाली बुजलेला दिसला. तो थर लाकडी पट्टीने खरवडला (पटाशीचा मोह आवरला, रबर चिरले असते), पात्याला ताण दिला आणि मगच वरचे चाक किंचित कलते केले. पाते स्थिरावल्यावर त्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारे गाइड जवळ आणले व कापताना पात्याला मागून आधार देणारे बेअरिंग कागदाच्या जाडीइतके दूर ठेवले. हे बेअरिंग मात्र नवे आहे. जुने सतत पात्याला टेकलेले राहिल्याने त्यावर खोल चरा पडला होता.