खळ्यात बसून पक्षी कसे ऐकायचे

मे महिन्यात मुंबईहून आलेल्या भाच्याने विचारलं की मामा, सकाळी एवढे पक्षी ओरडतात त्यातला कोण कुठला हे तुला कसं कळतं, तर त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. दुर्बीण लागत नाही. सुरुवातीला तर नकोच, कारण ती हातात आली की माणूस पक्षी शोधत फिरतो आणि ऐकायचं राहून जातं.

आधी वेळेचं बघा. आमच्या दापोलीकडे मे मध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजून जातात, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, नाहीतर पडवीच्या पायरीवर येऊन बसायचं. तेव्हा वारा पडलेला असतो, एसटी-रिक्षांचा आवाज नसतो, त्यामुळे लांबचं पण स्वच्छ ऐकू येतं, आणि किडे टिपायला पुरेसा उजेड नसतो म्हणून पाखरं गातच बसलेली असतात. जागा रोज तीच ठेवा, पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

आता महत्त्वाचं, एकदम सगळे ओळखायला जाऊ नका. आठवड्याला एकच आवाज. मी म्हणेन दयाळपासून सुरू करा. काळापांढरा, साळुंकीपेक्षा लहान, शेपटी वर उभारलेली, आणि नर गायला बसतो तो माडाच्या शेंड्यावर नाहीतर विजेच्या खांबावर, अगदी उघड्यावर, त्यामुळे आवाजाच्या दिशेने मान वळवली की दिसतोच. त्याची शीळ एकसारखी नसते, एक तान घेतो, थांबतो, मग दुसरीच घेतो. साधारण मार्च ते जुलै असं जोरात गाणं चालतं. थंडीत हाच पक्षी जवळपास गप्प असतो, कुंपणात नुसतं चर्र चर्र करतो, म्हणून डिसेंबरात बसलात आणि शीळ आली नाही तर नाराज होऊ नका.

त्यानंतर सोपे घ्या. राईतून ऊप ऊप ऊप असा घुमणारा तो कुकुडकोंबा, म्हणजे भारद्वाज. टुक टुक टुक एका लयीत चाललेलं असतं तो तांबट, चोच मिटून गळा फुगवून आवाज काढतो आणि मान इकडेतिकडे फिरवतो म्हणून कुठून येतोय ते चटकन कळत नाही. फणसात कुटरू कुटरू करणारा कुटुर्गा पानासारखाच हिरवा, तो बहुतेक वेळा कानानेच ओळखायचा. कुहू करणारा कोकीळ नर असतो, ठिपकेवाली मादी किक-किक-किक करते, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. पावशा तर सगळ्यांना माहीतच आहे, पेरते व्हा.

एक वही ठेवा. आवाज जसा ऐकू आला तसा आपल्या अक्षरात लिहायचा, शीळ वर चढली तर वर जाणारी रेघ, उतरली तर खाली, सोबत तारीख, वेळ आणि झाड. महिनाभर केलंत की कोण आधी सुरू करतो तो क्रमच समोर येतो, आमच्याकडे अंधारातच कोतवाल, मग दयाळ, मग बुलबुल, आणि सूर्यपक्षी चांगलं उजाडल्यावर.

मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे, कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेचं, त्यातलं भारताचं पॅक आधी वायफायवर उतरवून घ्या म्हणजे रेंज नसली तरी चालतं. पण आधी आपला अंदाज वहीत लिहा, मगच अ‍ॅप बघा. आणि आपल्याकडचा हरेवा दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, तेव्हा डोळ्यांनी बघितल्याशिवाय पक्कं धरू नका.

एक कळकळीची विनंती, पक्ष्याला जवळ बोलवायला मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, मग पिल्लांना भरवायचं सोडून तो त्याला हाकलायला येतो. विणीच्या दिवसात तर हे अजिबात करू नये.

मे संपत आला, आभाळ भरून यायला लागलं की झाडीतून दोन सुरांची खणखणीत शीळ येते का ते सकाळ-संध्याकाळ बघा. तो नवरंग, पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे घरटं करायला येतो. पहिल्यांदा ऐकलात ती तारीख वहीत लाल पेनाने लिहा, पुढच्या मे मध्ये ताडून बघायला.