तोडायच्या आधी आपले श्वास मोजा

रविवारी पुन्हा स्पर्धेत गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी जागा घेरायचा पटावरचा खेळ) खेळायचं आहे, म्हणून ही तयारी लिहून काढतेय. झोप, पाणी, वेळेवर पोचणं हे सांगायला नको. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं जगण्या-मरण्याची (गट वाचतो की मरतो याची) कोडी सोडवा, तीही सोपी. उत्तर बघण्याआधी शेवटची खेळी मनात वाचून झालेली हवी. 'इथेच असेल' म्हणून बोट ठेवायचं नाही. नवी जोसेकी, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या खेळ्यांची मालिका, आता पाठ करू नका. आधी कोपरे, मग कडा, एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. सोंगट्यांना लागून असलेल्या मोकळ्या बिंदूंना चिनी भाषेत 'ची', म्हणजे श्वास म्हणतात; ते सगळे भरले की सोंगट्या उचलल्या जातात. लढाई सुरू करण्याआधी आपल्या गटाचे श्वास मोजायचे. आपल्या! समोरच्याचे नंतर. गेल्या वेळी मी पटाच्या मध्यावर काळ्याचा गट तोडला, म्हणजे त्याच्या इतर सोंगट्यांपासून वेगळा केला. त्याचे सहा श्वास नीट मोजले, माझे सात असतील असं धरून चालले. होते पाच. बारा सोंगट्या गेल्या, डावही गेला. तोडायची जागा दिसली की हात डब्यात जातोच. तो बाहेर काढा, मांडीवर ठेवा आणि मोजा.

नुसते बाहेरचे बिंदू मोजूनही भागत नाही. गटाच्या पोटात मोठा डोळा (गटाने वेढलेली मोकळी जागा) असेल तर हिशेब बदलतो: चार बिंदूंच्या डोळ्याचे पाच श्वास, पाचाच्या डोळ्याचे आठ, सहाच्या डोळ्याचे बारा. आपण आत भरलेल्या सोंगट्या डोळेवाला उचलतो आणि आपल्याला पुन्हा भरत बसावं लागतं, म्हणून. दोन्ही गटांचे सामायिक बिंदू असतील आणि डोळा एकाकडेच असेल, तर ते बिंदू डोळेवाल्याच्या खात्यात टाका. हे आकडे पाठच हवेत, घड्याळ चालू असताना सुचत नाहीत.

चिनी गोच्या जुन्या दहा सूत्रांत एक आहे: समोरच्यावर चाल करताना स्वतःकडे बघ. मला ते तोंडपाठ होतं आणि तरीही मी मोजलं नाही. त्यामुळे सूत्र माहीत असण्यावर विसंबू नका. प्रत्येक तोडीआधी आकडा मनात उच्चारा. माझे पाच, त्याचे सहा, खेळी कुणाची?

शिचो, म्हणजे दर खेळीला समोरच्याचा एकच श्वास उरेल असा पाठलाग, तिरका पळत जातो, तो समोरच्या कोपऱ्यापर्यंत वाचा. वाटेत समोरच्याची एक सोंगटी असली की शिचो मोडतो आणि मागे आपल्याच सोंगट्यांना दुहेरी अतारी (एकाच खेळीने दोन ठिकाणी एकच श्वास उरणं) बसत राहतात. को (एकेक सोंगटी आळीपाळीने उचलायची लढत, जिथे लगेच परत उचलता येत नाही) सुरू करण्याआधी धमक्या, म्हणजे दुसरीकडच्या उत्तर द्यायलाच लावणाऱ्या खेळ्या, मोजा, तुमच्याही आणि त्याच्याही. मूळ वेळ संपून ब्योयोमी (मोजक्या सेकंदांत खेळायची जादा वेळ) लागली की मोजणं होत नाही, म्हणून लढाईसाठी वेळ राखून ठेवा.

डावाच्या शेवटी सेन्ते खेळ्या, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल अशा, आधी. कोमी (पांढऱ्याला मिळणारे भरपाईचे गुण) धरून जागा मोजा. डाव लिहून ठेवायला वही, पेन्सिल.